खोडलेला ‘अलेक्झांड्रियाकर’

कारकुनी बाणा (धागाकर्ती)

नोकरीची ३१ वर्षं दाखल्यांच्या टेबलावर गेली. रहिवासी, उत्पन्न, जात. अर्जात खाडाखोड दिसली की अजूनही नजर आधी तिथे जाते. काय खोडलंय, वर काय लिहिलंय, आणि शेजारी सही आहे का. निवृत्तीनंतर जुने पपायरस (प्राचीन इजिप्तमधले लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) वाचायचं वेड लागलं (भाषांतरातून, ग्रीक मी अडखळतच वाचते) तेही बहुधा ह्याच खोडीपायी.

तर एक अर्ज आहे, इ.स.पू. ५ किंवा ४ सालचा, आता बर्लिनच्या संग्रहात. अर्जदार ट्रायफोनचा मुलगा हेलेनोस. अर्ज इजिप्तचा रोमन सुभेदार गायस टुरानिअस याच्या नावे. पान फाटलंय, ओळी तुटल्यात, पण रड कळते. वडील अलेक्झांड्रियाचे नागरिक होते, मी कायम इथेच राहिलो, वडिलांच्या ऐपतीप्रमाणे शिकलो, आणि आता माझ्याच गावाला मुकायची पाळी आलीय. भांडण डोईपट्टीवरून, म्हणजे माणशी करावरून आहे.

अर्जाच्या सुरुवातीला हेलेनोसची ओळख लिहिली होती ‘अलेक्झांड्रियन’. तो शब्द खोडलाय. वर लिहिलंय, ‘अलेक्झांड्रियाचा राहणारा यहुदी’.

आपल्याकडे ‘कर’ कुणालाही लागतो. चार पिढ्या मुंबईत काढलेला माणूसही राजापूरकर असतो, आणि त्यासाठी राजापुरात घर असायची गरज नसते. तिकडे तसं नव्हतं. ‘अलेक्झांड्रियन’ हा हक्काचा शब्द होता. ज्याचं नाव नागरिकांच्या यादीत तोच अलेक्झांड्रियन. शहरात नुसती राहणारी माणसं वेगळी. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमकडे गेलं, ऑगस्टसने डोईपट्टी बसवली, आणि हा फरक एकदम खिशाला जाणवू लागला. रोमन नागरिक आणि ग्रीक शहरांचे नागरिक माफ, इजिप्शियन माणसाला पुरी पट्टी. यहुदी ह्या दोन दगडांच्या मधोमध सापडले. घरात ग्रीक बोलायचे, धर्मग्रंथही ग्रीकमध्ये वाचायचे (ते भाषांतर अलेक्झांड्रियात इ.स.पू. तिसऱ्या शतकातच सुरू झालं होतं), मुलांची नावं ट्रायफोन आणि हेलेनोस ठेवायचे. पण यादीत नाव?

खोडलं कुणी, हा माझ्या आवडीचा प्रश्न. माझा अंदाज निव्वळ कारकुनी आहे. अर्जदार तोंडाने म्हणतो, ‘लिहा, अलेक्झांड्रियन.’ लेखनिक लिहितो. मग त्याच्या लक्षात येतं की ह्या शब्दावरच अर्ज परत येणार, कारण वाद नेमका ह्याच शब्दाचा आहे. असे अर्जदार मी शेकड्यांनी पाहिलेत. स्वतः कोण आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. रकान्यात काय चालेल ते ठाऊक नसतं.

माझं म्हणणं एवढंच की त्या शहरांमध्ये ‘तू कोण?’ हा प्रश्न प्रार्थनेच्या जागी जितका विचारला जाई, त्याहून जास्त कचेरीत, व्यायामशाळेच्या दारात आणि करवसुलीच्या वेळी विचारला जाई. यहुद्यांचं तसं, आणि पुढे ख्रिस्त्यांचंही. मतं मांडा. चुकत असेन तर दाखवून द्या.

तिरकस

‘कर’ गेला आणि कर आला. शीर्षक बदला, बाई.

साळुंकी

वाचतेय! एक शंका. यहुदी हा धर्म, वंश, की जात? शाळेपासून कधीच नीट कळलं नाही. आणि त्या काळी ते स्वतःला काय समजायचे?

कारकुनी बाणा (धागाकर्ती)

@साळुंकी, ह्यावर अभ्यासकांची चांगलीच जुंपलीय. ग्रीक शब्द ‘युदाइओस’. त्या काळच्या लिखाणात तो सिरियन, इजिप्शियन, फ्रिजियन ह्यांच्या पंक्तीत येतो. एक भूमी, एक मुख्य नगर, आपला देव, आपले कायदे आणि वाडवडिलांच्या चालीरीती असलेले लोक. ह्याला ग्रीकमध्ये ‘एथ्नोस’ म्हणत. स्टीव्ह मेसन ह्यांनी २००७ साली जोरात मांडलं की प्राचीन काळापुरतं ‘ज्यू’ न म्हणता ‘जुडियाचे लोक’ असंच म्हणावं, कारण धर्म नावाचा सुटा कप्पा तेव्हा नव्हताच. त्यावर अडेल राइनहार्ट्झ ह्यांच्यासारख्यांचा आक्षेप असा, की अशाने प्राचीन जगातून ज्यूच नाहीसे होतील आणि आजच्या ज्यूंचा त्यांच्याशी असलेला धागा तुटेल. शेय कोहेन मधली वाट काढतात. त्यांच्या मते इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून ह्या शब्दात नवा अर्थ शिरला. योहान हिर्कानस ह्या यहुदी शासकाने शेजारच्या इदुमियन लोकांची सुंता करवून त्यांना यहुदी करून घेतलं. म्हणजे जन्माने नसलेला माणूसही यहुदी होऊ शकतो हे तेव्हा ठरलं. हेरोद राजाचं घराणं त्याच इदुमियन मुळाचं.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपला ‘धर्म’ हा शब्द कुळधर्म-कुळाचारातला घेतला की काम होतं. ग्रीक ‘पात्रिया’, वाडवडिलांच्या चालीरीती, म्हणजे जवळजवळ कुळाचारच. आणि ‘यहुदी’ हा आपला शब्दही यहुदाच्या भूमीवरूनच आलेला, त्यामुळे मराठीत हा वाद अर्धा आपोआप मिटतो.

ओबडधोबड

बाईंच्या मांडणीला दगडांचा पुरावा जोडतो, कारण माझं वेड दगडांचं.

ग्रीसमध्ये ओरोपोस इथे अँफिआराओस नावाच्या देवाचं ठाणं होतं. तिथे आजारी माणसं झोपायला जात आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगे. तिथल्या इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका शिळेवर मोस्खोस नावाच्या गुलामाच्या मुक्ततेची नोंद आहे. शेवटी लिहिलंय, मोस्खिओनचा मुलगा मोस्खोस, यहुदी, याने स्वप्नात अँफिआराओस आणि हिगिआ ह्या देवतांची आज्ञा झाल्यावरून हे लिहून ठेवलं. ग्रीसच्या मुख्य भूमीवरचा आपल्याला माहीत असलेला बहुधा पहिला यहुदी हा, आणि तो दुसऱ्याच देवाच्या दारात स्वप्न पाहतोय. त्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. ओळख सांगताना ‘यहुदी’ हे मात्र विसरला नाही.

दुसरा नमुना तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा. पब्लिअस एलिअस ग्लायकोन नावाच्या माणसाची कबर. त्याने व्यवस्था काय करून ठेवलीय पाहा. जांभळ्या रंगाच्या रंगाऱ्यांच्या संघाला २०० दिनार, त्याच्या व्याजातून बेखमीर भाकरीच्या सणाला कबरीवर हार घालायचे. गालिचे विणणाऱ्यांच्या संघाला १५० दिनार, त्यातून पेंटेकॉस्टला आणि कॅलेंड्सला हार. पहिले दोन सण यहुदी. कॅलेंड्स हा रोमन नववर्षाचा सण. कबरीला हार घालायची रीत ग्रीक-रोमन. आणि पैसा दिला तो धंद्यातल्या संघांना. आता ह्या माणसाला कुठल्या रकान्यात टाकता?

तुर्कस्तानातल्याच मिलेटसच्या नाट्यगृहात बाकांवर राखीव जागांच्या नोंदी कोरल्यात. त्यात एक ‘यहुदी, जे देवभीरूही आहेत त्यांची जागा’. शब्दांचा नेमका अर्थ लावताना लोक एकमेकांचे केस ओढतात, पण नाटकाला जाऊन बसायची त्यांची ठरलेली जागा होती हे नक्की.

म्हणून बाई, माझी दुरुस्ती अशी. कचेरीत रकाना एकच असतो हे मान्य. कबरीवर मात्र माणूस स्वतः लिहितो, आणि तिथे तो सगळे रकाने भरतो.

कारकुनी बाणा (धागाकर्ती)

@ओबडधोबड, ग्लायकोन अफलातून आहे. दुरुस्ती मान्य. कबरीवर खाडाखोड करणारा लेखनिक नसतो.

आता अलेक्झांड्रियाचं पुढचं सांगते, कारण रकान्याचा चाबूक कसा होतो ते तिथे दिसतं. अक्षरशः चाबूक.

शहराचे पाच भाग होते, त्यांना ग्रीक अक्षरांची नावं. त्यातल्या दोन भागांत यहुद्यांची वस्ती दाट होती. इ.स. ३८ मध्ये यहुदी राजा अग्रिप्पा शहरातून गेला. लोकांनी त्याची टर उडवायला काराबास नावाच्या एका वेड्याला व्यायामशाळेत नेऊन कागदी मुकुट चढवला आणि ‘मारिन’, म्हणजे ‘आमचे मालक’, म्हणून ओरडा केला. गंमत तिथे थांबली नाही. प्रार्थनास्थळांत सम्राटाचे पुतळे घुसवले, घरं लुटली, माणसं जाळली, यहुद्यांना एका भागात कोंडलं. हे सगळं फायलो ह्या तिथल्याच यहुदी तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय. सुभेदार फ्लाकस ह्याने फर्मान काढून यहुद्यांना ‘परके आणि उपरे’ ठरवलं. त्यांच्या ज्येष्ठांच्या मंडळातल्या ३८ जणांना नाट्यगृहात नेऊन फटके मारले.

फायलो एका तपशिलावर फार जळतो. अलेक्झांड्रियात फटके देण्याचेही दोन प्रकार होते. इजिप्शियन माणसाला चाबूक, आणि मारणारा तसाच कुणी. अलेक्झांड्रियनाला चपटी पट्टी, आणि मारणाराही अलेक्झांड्रियन. त्याआधी यहुद्यांना दुसऱ्या प्रकारात धरत. ह्यावेळी त्यांच्या ज्येष्ठांना इजिप्शियनांचा चाबूक मारला. मार होताच, पण फायलोला झोंबला तो दर्जा.

मग दोन्ही बाजूंची शिष्टमंडळं रोमला गेली. यहुद्यांचा पुढारी फायलो. सम्राट कॅलिग्युला मेला, त्याच्या जागी क्लॉडिअस आला, आणि इ.स. ४१ च्या नोव्हेंबरात त्याचं पत्र शहरात जाहीर झालं. त्याची नक्कल फायूममधल्या फिलाडेल्फिया गावच्या एका पपायरसावर सापडली आणि १९२४ मध्ये छापली गेली. क्लॉडिअस ग्रीकांना म्हणतो, यहुद्यांच्या रीतिरिवाजात लुडबुड करू नका. यहुद्यांना म्हणतो, आहे त्यात समाधान माना, व्यायामशाळेच्या स्पर्धांमध्ये घुसू नका, ‘आपलं नसलेल्या शहरात’ तुम्हाला भरपूर मिळतंय. हेलेनोसच्या अर्जावरची खोड सुमारे ४५ वर्षांनी सम्राटाच्या सहीने कायम झाली.

व्यायामशाळेचं काय एवढं, असं वाटेल. तिथे तरुणांची नोंद होई आणि तिथूनच नागरिकांच्या यादीत जायची वाट होती. व्यायाम हा त्यातला शेवटचा भाग.

तिरकस

सगळं टेबलावर ठरतं तर देवाधर्माला काय अर्थ उरला? उगाच जळाले का लोक? मला हे जरा नोकरशाहीचं आत्मचरित्र वाटतंय. आजही इस्रायलमध्ये पाहा की

[पुढील मजकूर संपादित. चालू राजकारणासाठी कृपया वेगळा धागा काढावा. – संपादन मंडळ]

वसईचा वारा

@तिरकस ह्यांच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला उत्तर देतो, कारण तो माझ्या घरचा प्रश्न आहे.

ख्रिस्ती हे नाव शिष्यांना पहिल्यांदा अंत्युखियात (अँटिओक, आजच्या तुर्कस्तानातलं शहर) मिळालं असं बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात आहे. मिळालं, घेतलं नाही. आपसांत ते ‘बंधू’, ‘शिष्य’, ‘पवित्र जन’ म्हणत. बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव पुढे अभिमानाचं झालं.

मौज अशी, की ज्यांना ना भूमी होती, ना भाषा, ना कूळ, त्यांनी स्वतःसाठी शब्द मात्र कुळाचेच वापरले. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना ‘निवडलेला वंश’ आणि ‘पवित्र राष्ट्र’ म्हटलंय. मुळात ग्रीक शब्द ‘गेनोस’ आणि ‘एथ्नोस’, बाईंनी वर सांगितलेलाच. म्हणजे रक्ताची भाषा, पण रक्त नाही. बाप्तिस्म्याने मिळणारा वंश. तेर्तुल्यान ह्या ख्रिस्ती लेखकाच्या काळी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये शर्यतींच्या मैदानात लोक ख्रिस्त्यांना ‘तिसरी जमात’ म्हणून हिणवायचे. पहिले ग्रीक-रोमन, दुसरे यहुदी, आणि हे तिसरे.

तिरकसराव, टेबलावर सगळं ठरत नाही ह्याचा पुरावा आजच्या फ्रान्समधल्या लियोंचा. इ.स. १७७ च्या सुमारास तिथे ख्रिस्त्यांचा छळ झाला, त्याचं पत्र युसेबियस ह्या चर्चच्या इतिहासकाराने जपून ठेवलंय. सांक्तुस नावाच्या डीकनला (चर्चच्या सेवकाला) यातना देत विचारलं, नाव काय? गाव कोणतं? कुठल्या लोकांचा? गुलाम की स्वतंत्र? प्रत्येक प्रश्नाला त्याने लॅटिनमध्ये एकच उत्तर दिलं: मी ख्रिस्ती आहे. नाव, गाव, जमात, दर्जा, चारही रकान्यांत एकच शब्द. बाई, तुमच्या टेबलावर असा अर्ज आला असता तर काय केलं असतंत?

कारकुनी बाणा (धागाकर्ती)

@वसईचा वारा, ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत केला असता, आणि रात्री झोप लागली नसती.

वसईचा वारा

:)

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. आमच्याकडे बाहेरच्यांनी नाव ठेवण्याऐवजी आम्हीच ठेवून घेतलं. उत्तर कोकणातले मराठी बोलणारे मूळचे ख्रिस्ती. कंपनीची आणि मग सरकारची नोकरी करायला गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती येऊ लागले. मग १८८७ साली, राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, आमच्या लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. त्यामागे नोकरीतला फरक दाखवायचा हिशेब होताच. धर्म एक, चर्च एक, तरी रकाना वेगळा हवा होता. तेव्हा सांक्तुसचं कौतुक करणारे आम्ही अर्ज मात्र हेलेनोससारखाच भरला.

थळ ते चौल

अलिबागकडचा आहे. यहुदी म्हटलं की आमच्यापुढे फायलो येत नाही, शनिवार तेली येतो. बेने इस्राएल मंडळींचा कोकणात तेल गाळायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. गावाने नाव दिलं ते ह्या दोन गोष्टींवरून. त्यांची दंतकथा नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचल्याची. आडनावं राजपूरकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. घरात मराठी. १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ) बांधलं तेही एका दिवेकरांनीच. आमच्या आजीच्या लेखी ते ‘आपल्यातलेच, पण शनिवार पाळणारे’. तुमच्या अलेक्झांड्रियासारखी भांडणं झाल्याचं कधी ऐकलं नाही.

प्रश्न असा, तिकडे धंद्यावरून ओळख व्हायची का?

कारकुनी बाणा (धागाकर्ती)

@थळ ते चौल, व्हायची. अलेक्झांड्रियाच्या मोठ्या प्रार्थनास्थळाचं वर्णन तालमुद ह्या यहुदी धर्मग्रंथात आहे. इमारत इतकी अवाढव्य की ‘आमेन’ कधी म्हणायचं ते मागच्यांना कळावं म्हणून निशाण हलवत. बसायची व्यवस्था धंद्याप्रमाणे: सोनार एकीकडे, चांदीकाम करणारे एकीकडे, लोहार, विणकर वेगळे. परगावचा गरीब कारागीर आला की आपल्या धंद्याच्या लोकांत जाऊन बसे आणि कामाला लागे. आकडे-बिकडे वाढवून सांगितलेत हे उघड आहे, पण चित्र खरं वाटतं. इ.स. ११५ ते ११७ च्या उठावात ती वस्तीच जवळपास संपली.

आणि तेलाचंच म्हणाल तर अंत्युखिया ऐका. यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की तिथले यहुदी परक्यांचं तेल वापरत नसत. व्यायामशाळेत नागरिकांना अंगाला लावायला तेल मिळे. ज्या यहुद्यांना ते नको असे त्यांना त्याबदली रोख रक्कम देण्याची सोय होती. मला ही सोय फार आवडते. व्यायामशाळेच्या हिशेबात तुम्ही आहात, पण वेगळ्या खात्यावर. इ.स. ६६ नंतर यहुद्यांचं रोमशी युद्ध पेटलं तेव्हा शहरातल्या लोकांना ती सवलत काढून घ्यायची होती. सुभेदार म्युसिआनसने ती राखली.

त्याच शहरात अंतिओकस नावाच्या यहुद्याने, तिथल्या यहुद्यांच्या प्रमुखाच्या मुलाने, आपल्याच बापावर शहर जाळायच्या कटाचा आरोप केला. आपण पालटलो हे पटवायला ग्रीकांसारखा यज्ञ करून दाखवला, आणि इतरांनाही तसंच करायला लावा म्हणाला. यज्ञ न करणारा तो कटातला. युद्धानंतर रोमन सेनापती तितुस तिथे आला. लोक म्हणाले, ह्यांना हाकला. तो म्हणाला, त्यांचं गाव तर मोडून टाकलंय, जाणार कुठे? मग लोक म्हणाले, निदान ज्या पितळी पाट्यांवर त्यांचे हक्क कोरलेत त्या तरी काढा. त्यालाही नकार. माणसांना घालवणं जमेना तर दस्तऐवज घालवा, ही मागणी मला फार ओळखीची वाटते.

कोकणात भांडण नव्हतं हे खरं असेल, पण रकाना त्यांनाही चुकला नाही. फक्त तो दुसरीकडे आला. इस्रायलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवरून शंका काढल्या, तुमच्या घराण्यांची चौकशी करू म्हणाले. आंदोलनं झाली आणि १९६४ साली सरकारने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं स्पष्ट केलं. नवगावला कुणी विचारलं नाही ते तिकडे विचारलं.

साळुंकी

तेलाऐवजी रोख! आमच्या ऑफिसातल्या दिवाळीच्या मिठाईला अशी सोय हवी.

बाई, इ.स. ७० नंतर यहुद्यांवर वेगळा कर बसला ना? त्याबद्दल लिहा.

कारकुनी बाणा (धागाकर्ती)

हो, विसरणारच होते. यरुशलेमचं मंदिर पाडल्यावर सम्राट व्हेस्पासियनने ठरवलं की यहुदी मंदिराला जी वर्षाची वर्गणी देत होते, ती आता रोमच्या ज्युपिटरच्या देवळाला द्यायची. दोन दिनार. आधी फक्त प्रौढ पुरुष देत, आता बायका-मुलांनाही लावली. यादी करायची तर ठरवावं लागणार यहुदी कोण. सम्राट डोमिशियनच्या काळात वसुली निर्दय झाली. जे कबूल न करता यहुदी रीतीने राहतात तेही धरले, आणि जे मूळ लपवतात तेही. रोमन चरित्रकार सुएटोनिअस लिहितो की त्याने तरुणपणी स्वतः पाहिलं: भरल्या कचेरीत ९० वर्षांच्या म्हाताऱ्याला उघडं करून त्याची सुंता झालीय का ते तपासलं. इ.स. ९६ मध्ये नेर्वा सम्राट झाला आणि त्याने नाणं पाडलं, मजकूर असा की यहुदी कराच्या नावाखालची बदनामी बंद. नाण्यावर लिहायची वेळ आली म्हणजे प्रकार किती माजला असेल.

आणि हे फक्त यहुद्यांचं राहिलं नाही. अंगाला तपासून, रीत तपासून नाव लिहायचं ठरलं की यहुदी आणि ख्रिस्ती ह्यांच्यातली रेघही कुणीतरी ओढणारच.

भुईचक्र

@वसईचा वारा ह्यांना विचारायचं होतं. ही रेघ नक्की कधी पडली? येशू यहुदी, पौल यहुदी. मग वेगळे कधी झाले?

वसईचा वारा

पुस्तकात लवकर, गल्लीत फार उशिरा.

पुस्तकात पाहायचं तर अंत्युखियाचा बिशप इग्नातियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहितो की मुखी येशू ख्रिस्त आणि राहणी यहुदी, हे विपरीत आहे. बायबलातल्या ‘प्रकटीकरण’ ह्या पुस्तकात स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ‘स्वतःला यहुदी म्हणवतात पण तसे नाहीत’ अशा लोकांवर आग पाखडलीय. ते कोण ह्यावर आमच्याकडेही एकमत नाही.

आता गल्ली पाहा. शहर तेच अंत्युखिया, साल ३८६-८७. योहान क्रिसोस्तम, तोंडात साखर आणि जिभेवर विंचू असलेला धर्मोपदेशक, यहुद्यांच्या विरोधात आठ प्रवचनं देतो. फार कडवट आहेत, पुढे शेकडो वर्षं त्यांचा वाईट वापर झाला, मी त्यांची बाजू घेत नाही. पण तो चिडलाय कुणावर? आपल्याच लोकांवर. ख्रिस्ती बाया-बापे यहुद्यांच्या नववर्षाला शिंग फुंकतात ते ऐकायला जातात, त्यांचे उपास धरतात, शहराजवळच्या दाफ्नेतल्या यहुदी प्रार्थनास्थळात बरं वाटावं म्हणून रात्री झोपायला जातात. (ओबडधोबड, तुमचा मोस्खोस आठवला.)

एक प्रसंग तो स्वतः सांगतो. एका कुलीन ख्रिस्ती बाईला एक माणूस, तोही म्हणे ख्रिस्तीच, व्यवहारातल्या तंट्यासाठी शपथ घ्यायला यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात ओढून नेत होता. क्रिसोस्तमने सोडवलं आणि झापलं, तू ख्रिस्ती ना? मग तिथे कशाला? तो म्हणाला, मला पुष्कळ लोकांनी सांगितलं की तिथली शपथ जास्त कडक असते.

ह्यावर भाष्य नको. मराठीत एकच शब्द पुरेल: जागृत देवस्थान.

ओबडधोबड

व्वा. वसईचा वारा, हे माहीत नव्हतं.

गल्लीच म्हणताय तर युफ्रेटिसकाठचं दुरा-युरोपोस घ्या. तटाच्या आतल्या एकाच रस्त्यालगत चित्रांनी भरलेलं सिनेगॉग, राहत्या घराचं केलेलं चर्च आणि मिथ्रा ह्या देवाचं देऊळ. इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या ससानी फौजेचा वेढा पडला तेव्हा तटाला बळकटी द्यायला रोमनांनी त्या पट्ट्यात माती भरली. तिन्ही त्याच भरावात गाडली गेली, म्हणून तर आपल्याला मिळाली.

तिरकस

मी माझी तक्रार अर्धी मागे घेतो. पण बाई, तुमच्या हेलेनोसच्या ‘कर’चं पुढे काय झालं? ती खोड कधी पुसलीच नाही का?

कारकुनी बाणा (धागाकर्ती)

पुसली, पण दुसऱ्या शहरात आणि बऱ्याच उशिरा.

इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक केलं. त्याच सुमारास यहुद्यांना आपला धर्म सांभाळून शहरातली पदं घ्यायची मुभा मिळाली. पण तोवर नगरसभेतलं पद मान कमी आणि खिशाला चाट जास्त असं झालं होतं. करवसुली कमी पडली तर सभासदाने पदरचे भरायचे. ३२१ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने कोलोनला (आजच्या जर्मनीत) लेखी कळवलं की यहुद्यांनाही नगरसभेवर बोलवा. यहुद्यांनी आनंदाने पेढे वाटले असतील असं मला वाटत नाही.

आता सार्दिसला चला. पश्चिम तुर्कस्तानातलं जुनं श्रीमंत शहर. दुसऱ्या शतकात तिथल्याच मेलितो नावाच्या बिशपने पास्काच्या (वल्हांडणाच्या सणाच्या) प्रवचनात इस्राएलवर थेट देवाच्या हत्येचा आरोप ठेवला होता. १९६२ साली तिथे उत्खननात सिनेगॉग सापडलं. जागा ऐका: शहराच्या मध्यावर, स्नानगृह-व्यायामशाळेच्या संकुलातच. मुख्य दालन ५० मीटरहून लांब, हजारेक माणसं मावतील एवढं. बाहेर दुकानांची रांग, त्यात काही यहुद्यांची, काही ख्रिस्त्यांची, भिंतीला भिंत लागून. हे चौथ्या शतकापासून पुढचं चित्र आहे. मेलितोच्या प्रवचनाचा दुकानांच्या भाड्यावर फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

ज्या व्यायामशाळेत घुसू नका म्हणून क्लॉडिअसने बजावलं, तिच्या कुशीत हे. आत जमिनीवर आणि भिंतींवर ८० हून अधिक ग्रीक लेख, बहुतेक देणगीदारांचे. कुणी सोनार, कुणी ‘नगरसभासद’. आणि नावापुढे पुन्हा पुन्हा एक शब्द येतो, ‘सार्दिआनोस’. म्हणजे सार्दिसकर. खोडाखोड न करता, दगडात.

तिरकस

पेढे मी वाटतो.